झुंबर झाकायचं नाही

कस्तुरी चौगुले निपाणीहून बेंगळुरूला एम.टेक.साठी आली ती क्यूबिट मोजायला, आणि दुसरं वर्ष अर्धं सरलं तरी करत काय होती, तर येणाऱ्याजाणाऱ्याला झुंबर दाखवत होती.

तिची संस्था येलहंकाच्या पुढे, विमानतळाच्या वाटेवर. वारा कुठून वाहतोय ते या संस्थेला इतरांच्या आधी कळायचं. फाटकावरच्या पाटीतली ‘स्कूल ऑफ’ ही अक्षरं सिमेंटमध्ये पक्की बसवलेली होती आणि त्यापुढची स्क्रूनं काढता येणारी. तिथं आधी बिग डेटा होता, मग ब्लॉकचेन आली, आणि आता क्वांटम टेक्नॉलॉजी. कॅन्टीनचंसुद्धा ‘क्वांटम कॅफे’ झालं होतं. उप्पिट्टु मात्र ब्लॉकचेनच्या काळातलंच लागत होतं.

झुंबर म्हणजे खरं तर फ्रिज. क्यूबिट हा क्वांटम कॉम्प्युटरचा सगळ्यात लहान तुकडा, आणि स्वभावानं भलता नाजूक. जरा ऊब लागली की बिथरतो. म्हणून त्याला अंतराळाहून थंड जागी ठेवावं लागतं, आणि ती थंडी करणारा हा फ्रिज. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या एकीखाली एक टांगलेल्या, मधून बारीक नळ्यांची वेटोळी. बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं रूप. पण हे रूप फ्रिज बंद असतानाच दिसायचं. चालवायचा म्हटला की त्याच्यावर डब्यावर डबे चढवायचे, आतली हवा काढायची, आणि मग उरायचं ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं पांढरं पिंप.

नेमकं इथंच घोडं अडलं होतं. संचालक डॉ. कृष्णमूर्तींना पिंप नको होतं.

“वासुदेव, झाकू नका,” ते कस्तुरीच्या गाइडना इंग्रजीत सांगायचे. “परवा उद्योगपतींचं शिष्टमंडळ आहे. ते पिंप बघायला येणार आहेत का?”

“सर, पण मुलांचे प्रबंध...” वासुदेव सर सुरुवात करायचे.

“स्वल्प थांबा. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होऊ दे.”

वासुदेव सर धारवाडचे. विषयात पक्के, पण आवाज असा की बोललेलं अर्धं वाक्य त्यांच्याच मिशीत अडकून राहावं. ते खाली मान घालून परत यायचे आणि कस्तुरीला म्हणायचे, “कस्तुरी, अजून थोडे दिवस, काय? तोवर तू सिम्युलेशन कर.”

सिम्युलेशन तिनं इतकं केलं होतं की तिचा कागदावरचा क्यूबिट आता म्हातारा व्हायला आला होता. त्यात तिला मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषा येत, म्हणून फ्रिजपुढे उभं राहून समजावून सांगायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. शाळा आल्या, माजी सैनिक आले. एका सहकारी बँकेच्या मंडळींनी तर वरच्या तबकडीला हार घातला. त्याच्या पाकळ्या वेचून काढताना वासुदेव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरून अण्णांचा फोन आला की विचारायचे, “काय कस्तुरी, कॉम्प्युटर चालू झाला व्हय?” ती म्हणायची, “लोक बघून जातात की अण्णा.”

एक दिवस मात्र तिची सहनशक्ती संपली. ती सरळ कृष्णमूर्तींच्या केबिनमध्ये गेली.

“सर, लोकांना काय, सोनेरी दिसायला पाहिजे. मग तसलंच एक खोटं करून लॉबीत टांगूया. मोठं. तीन माणसं उंच. खरं आम्ही तळघरात नेतो.”

कृष्णमूर्तींनी चष्मा काढला. त्यांना वाटलं पोरगी रागावून बोलतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की ही तर लाखमोलाची गोष्ट आहे. “तीन माणसं उंच?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“लॉबीचं छत तेवढं आहे सर.”

होसकोटेला देवाप्पा अण्णांचं वर्कशॉप होतं. लग्नाच्या हॉलसाठी फायबरचे खांब, हत्ती, सिंहासनं करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कस्तुरी फोटो घेऊन गेली तेव्हा सोबत वर्गातला ऋतुराज होता. ऋतुराज पुण्याचा. त्याला क्वांटमपेक्षा क्वांटमवर बोलायला जास्त आवडायचं.

देवाप्पांनी फोटो आडवा धरला, उभा धरला. “हे उलटं की सुलटं?”

“असंच, अण्णा. वरून खाली लहान होत जातंय.”

“आत बल्ब कुठं बसवायचे?”

“बल्ब नाहीत.”

“झुंबराला बल्ब न्हाईत?” देवाप्पांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मग हे करतंय काय?”

“अॅक्च्युअली अण्णा, बेसिकली ते कॉम्प्युट करतं,” ऋतुराज म्हणाला.

“सरी, बरं,” देवाप्पा म्हणाले. पण त्यांच्या मनाला ते काही पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

महिन्याभरात झुंबर तयार होऊन टेम्पोतून आलं, लॉबीत चढलं, आणि सोनेरी रंगानं नुसतं लखलखलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो प्रकार; पण वाळा दिसायला सोन्याहून सरस. बिनबल्बचं झुंबर आपल्या वर्कशॉपमधून गेलं तर लोक नावं ठेवतील म्हणून देवाप्पांनी पदरचे निळे दिवे आत घालून दिले होते. बटण दाबलं की ते वरून खाली धावायचे. कृष्णमूर्ती टाचा उंचावून बघत राहिले. “हे खऱ्यापेक्षा जास्त खरं वाटतं,” ते म्हणाले, आणि खरा फ्रिज तळघरात न्यायच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली.

तळघरात एकच खिडकी, तीही पार्किंगकडे उघडणारी. कस्तुरीला ती जागा स्वर्गासारखी वाटली. तिनं आणि वासुदेव सरांनी एकेक डबा चढवला, एकेक स्क्रू आवळला. कंप्रेसर सुरू झाला आणि फुस्स-टक, फुस्स-टक असा त्याचा श्वास खोलीभर घुमायला लागला. यंत्र आपल्या गतीनं थंड होत गेलं. सगळ्यात तळाशी, नखाएवढ्या चिपवर तिचा क्यूबिट बसला होता. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी त्यानं पहिल्यांदा ओ दिली: पडद्यावरच्या सपाट रेषेत एक बारीक खळगा पडला. कस्तुरीनं तो तीनदा तपासला आणि मग खुर्चीवर बसून एकटीच हसली.

उद्घाटनाच्या दिवशी ती इरकल नेसून आली. मंत्रिमहोदयांना झुंबर समजावून सांगायचं होतं. जाता जाता म्हणून ती तळघरात डोकावली, तर देखभालीचा माणूस थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा.

“अक्का, पाणी वर लॉबीच्या एसीला वळवायचंय. मंत्र्यांना उकडायला नको म्हणून साहेबांचा हुकूम आहे.”

“अहो, कंप्रेसर बंद पडेल! फ्रिज गरम होईल!”

“फ्रिज तर वर आहे ना?” तो माणूस म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. सगळी संस्था तेच समजत होती.

कृष्णमूर्ती फोन उचलेनात. वासुदेव सर मंचावर हार घालून बसलेले. त्या माणसानं तिच्या विनवण्या ऐकून थोडा वेळ दिला, पण मोटारींचा ताफा फाटकात शिरल्याचा निरोप आला तसा त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. कंप्रेसरचा श्वास मंदावला आणि थांबला. आतली थंडी आता हळूहळू उतरणार होती. मोजायचं तर आत्ताच, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून; आणि पुन्हा हा फ्रिज मिळेल याचा काय भरवसा?

तिनं ऋतुराजला फोन लावला. “माझ्याऐवजी तू बोल.”

“सीरियसली? मंत्र्यांसमोर? मी?” त्याचा आवाज चिरकला. “अगं, पण मला त्यातलं डिटेलमध्ये...”

“त्यांनाही येत नाही,” कस्तुरी म्हणाली. फोन ठेवून तिनं पदर खोचला.

वर ऋतुराजनं मैदान मारलं. तसं तिला नंतर सगळ्यांनी सांगितलं. मंत्र्यांनी बटण दाबलं, निळे दिवे वरून खाली धावले, टाळ्या पडल्या.

“म्हणजे हे आता चालू आहे?” मंत्र्यांनी विचारलं.

“लाइव्ह आहे सर,” ऋतुराज म्हणाला.

“मग विचारून बघा, हेब्बाळची ट्रॅफिक कधी सुटणार?”

ऋतुराजनं झुंबराकडे पाहिलं, दिवे आणखी एकदा धावू दिले आणि म्हणाला, “सर, सगळ्या शक्यता एकाच वेळी तपासल्या जातायत.”

“अरे, हे तर आमचं सरकार पहिल्यापासून करतंय!” मंत्री म्हणाले, आणि जो हशा पिकला तो कॅन्टीनपर्यंत ऐकू गेला.

तळघरात तो हशा छतातून नुसता धबधब असा आला. कस्तुरीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती क्यूबिटला सूक्ष्म लहरींचे ठोके देत होती; आधी आखूड, मग जरा लांब, मग आणखी लांब. प्रत्येक ठोक्यानंतर पडद्यावर एक ठिपका पडत होता. ठिपके चढले, मग उतरले. पुन्हा चढले. क्यूबिट शून्य आणि एकच्या मध्ये हिंदोळत होता. तापमापकाचा आकडा वर सरकत होता आणि तिच्या कपाळावरचा घाम इरकलीच्या काठानं पुसला जात होता. ठिपक्यांची लाट आधी ठळक होती, मग फिकट झाली आणि शेवटी विस्कटून गेली. पण तोवर पाच-सहा लाटा स्वच्छ उमटल्या होत्या. पुस्तकात असतात तशाच. फक्त या तिच्या होत्या.

जेवणाच्या वेळी कृष्णमूर्ती तणतणत जिना उतरून आले. “कुठं होतीस? मंत्र्यांच्या फोटोत आपली एकही विद्यार्थिनी नाही!”

“मोजत होते, सर.”

“काय मोजत होतीस?” त्यांनी पांढऱ्या पिंपाकडे ही टाकी इथं कोणी आणून ठेवली, अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. पाटीवरची अक्षरं बदलायला लागण्याच्या कितीतरी आधी हा माणूस क्यूबिट ज्यांचे बनतात त्या अतिवाहकांवर (सुपरकंडक्टरवर) पीएच.डी. करून आला होता, हे संस्थेत कोणाच्या ध्यानात नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही. ते वाकले. बोटानं एक एक लाट मोजली.

“हे इथलं आहे?” त्यांनी हळूच विचारलं. “आपल्याकडचं?”

“हो सर.”

“किती वेळ टिकतो हा क्यूबिट?”

“ते मोजायचं राहिलं. मध्येच पाणी तोडलं.”

“कोणी तोडलं?” कृष्णमूर्ती गरजले.

“तुमचाच हुकूम होता, सर.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंत्र्यांच्या कचेरीतून होता: तसंच एक झुंबर त्यांच्या मतदारसंघातल्या कॉलेजलाही पाहिजे. “हो सर, होऊन जाईल... उंच? आणखी उंच करू, सर...” असं म्हणत ते जिना चढले. वरच्या पायरीवर क्षणभर थांबून त्यांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं, आणि गेले.

ऋतुराजला पुढच्याच महिन्यात सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीनं ‘क्वांटम इव्हँजेलिस्ट’ म्हणून उचललं. देवाप्पांना आणखी दोन झुंबरांची ऑर्डर मिळाली. आणि कोणाला न सांगता, कोणाच्या भाषणात उल्लेख न होता, तळघराला थंड पाण्याची स्वतंत्र लाइन आली. पाहुणे चुकून खाली उतरून पिंप बघतील या धास्तीनं कृष्णमूर्तींनी जिन्याशी एक पाटी लावून घेतली: ‘इकडे पाहण्यासारखं काही नाही.’

कस्तुरीला ती पाटी फार आवडली. तिच्या आडोशाला तिनं वर्षाचा उरलेला काळ सुखानं काढला.