वॉर्डातली पाचवी

“आम्ही वॉर्डातच पाचवी करू देतो,” शारदा सिस्टर म्हणाल्या आणि बैठकीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती मुठ्याच्या दवाखान्यातली नर्स उषा. जंतुसंसर्ग रक्तात भिनलेला रुग्ण कसा वाचवायचा, कुणाला काय जमलं, हे एकमेकांना सांगायला मुळशीतल्या नर्स आणि डॉक्टर जमले होते. त्यात ही सटवाई कुठून उपटली?

“हसा. पण पाचवी घरातच व्हायला हवी म्हणून ताप आलेली बाळंतीण लोक घरात ठेवतात. म्हणून मी वॉर्डात पाटा-वरवंटाच आणून ठेवला.”

चहा आला तेवढ्यात उषाचा फोन वाजला. मुठ्याच्या वरच्या वाडीवरून आशा सेविका कमळ बोलत होती. “सिस्टर, आपली बाळंतीण सोनम. सासू म्हनतीया ताप उतरला. पर ती धड बोलंना, हातपाय गार पडल्यात.”

ताप उतरला की माणूस बोलायला लागतं, गप्प होत नाही. उषाने कप तसाच ठेवला. तिच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर ऋतिका इंजेक्शनच्या तयारीला लागल्या आणि ॲम्ब्युलन्स उषाला घेऊन वाडीवर चढली.

दारात सासू, गंगूबाई, आडवी उभी. “परवा पाचवी हाय. सटवाई नशीब लिवाया येनार अन् पोरगी घरात न्हाई? तिचं कपाळ कोरं ऱ्हायाचं!”

एरवी उषा डाफरली असती. तिची जीभ तिखटच. पण म्हातारीने दार लावून घेतलं असतं तर सोनम हातची गेली असती. शारदा सिस्टरांचंच बोलणं तिच्या तोंडून निघालं. “मावशी, पाचवी दवाखान्यात करू. पाटा-वरवंटा हाय आमच्या वॉर्डात.”

तो अर्थातच नव्हता.

“आयशप्पत?”

“आयशप्पत.”

गंगूबाई बाजूला सरली आणि तिनेच नातीला दुपट्यात गुंडाळलं.

पहिलं इंजेक्शन वेळेत गेलं, सलाईन चालू झालं. पुण्याला हलवायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सोनमने बाळ मागितलं तेव्हा उषाला रडूच कोसळलं.

पाचवीच्या संध्याकाळी तिने घरचा पाटा-वरवंटा स्कूटरवर पायाशी ठेवून आणला. ऋतिका मॅडमनी तो बघितला. “दिवा तेवढा लावू नका, ऑक्सिजन आहे,” म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

गंगूबाईने पाट्याला हळदकुंकू वाहिलं. मग हळूच विचारलं, “सिस्टर, सटवाईला दवाखाना घावंल का वं?”

“ॲम्ब्युलन्सच्या मागंमागंच आली असंल की.”

सोनम हसली. हसताना तिला धाप लागली, पण हसली.

सटवाईने लिहावं म्हणून म्हातारीने कोरा कागद नातीच्या उशाशी ठेवला. मग तो पुन्हा उचलून मधोमध फाडला आणि अर्धा सुनेच्या उशीखाली सारला.

“हिचंबी नव्यानं लिवू दे,” ती म्हणाली. पेन एकच होता. तो तिने मायलेकींच्या मधे ठेवला.