ठमी, आत्या आणि परतीची नळी

घरात उष्णतेचं मीटर बसलं आणि ठमीच्या अंघोळीवर पहारा आला. इमारतीच्या तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी एका नळीनं घरात येई, खोल्या आणि अंघोळीचं पाणी तापवी, आणि निवून दुसऱ्या नळीनं परत जाई. वाटेत घरानं किती उष्णता घेतली, ते मीटर सांगे. ठमीच्या घरचा आकडा शेजाऱ्यांच्या पुढे पळत होता.

"ही आत गेली की बाहेर यायचं नावच घेत नाही," बाबांनी निकाल देऊन टाकला. मग पाच मिनिटं झाली की दारावर टकटक. एकदा तर कानामागचा साबण तसाच घेऊन ठमी शाळेत गेली.

रविवारी मोठी आत्या आली. अशी मीटरं तपासणं हीच तिची नोकरी. ठमीनं तिला दारातच गाठलं.

"आत्या, आम्ही चार दिवस तुझ्याकडे राहायला आलो होतो ना, तेव्हासुद्धा आकडा चढला. मी जाताना-येताना लिहून ठेवलाय."

"बाबाला सांगितलंस?"

"ते म्हणाले, तू नळ उघडा ठेवला असशील."

"वायरी ओढण्यापेक्षा वकिलीच करायची होतीस रे," आत्या भावाला म्हणाली.

"ताई, मीटर मी स्वतः बसवलंय. त्यात चूक निघायची नाही," वीजकाम करणारे बाबा म्हणाले.

आत्यानं पॅसेजमधलं मीटरचं कपाट उघडलं. आत सगळं कसं आखीव! वायरी पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. आत्या बघतच राहिली. मग तिनं सील तोडून दोन्ही नळ्यांतले सेन्सर अलगद बाहेर काढले. पेन्सिलीएवढ्या धातूच्या दोन कांड्या, प्रत्येकीला आपली वायर.

"ठमे, या कांडीत प्लॅटिनमची बारीक तार आहे. तार गार असली की वीज तिच्यातून सहज जाते. तापली की तारेतले कण थरथरायला लागतात आणि वाट अडवतात. मधल्या सुट्टीत तुमच्या शाळेच्या जिन्यावर होतं ना, तसं."

"मग हळूहळूच जावं लागतं."

"तेच. वाट किती अडली, ते मीटर मोजतं आणि त्यावरून पाणी किती गरम ते ओळखतं. एक कांडी येणाऱ्या पाण्यात, एक जाणाऱ्या पाण्यात. दोघींतला फरक आणि नळीतून गेलेलं पाणी, यावरून उष्णता निघते. आता एक भांडंभर पाणी आण."

आत्यानं दोन्ही कांड्या त्याच भांड्यात बुडवल्या आणि पाणी ढवळत राहिली. ठमीनं आकडे वाचले आणि तिचा आवाज चढला. "पाणी एकच आहे, मग परतीची कांडी एक अंश कमी का दाखवते?"

आत्यानं दोन्ही वायरी शेजारी धरल्या. परतीची वायर दोन हात आखूड होती.

"अडथळा वायरीचाही असतो, आणि मीटर तो तारेचाच समजून मोजतं," आत्या म्हणाली. "म्हणून दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या येतात. आखूड वायरीत अडथळा कमी. मीटरला वाटतं, परतीचं पाणी जास्त निवलंय, म्हणजे घरानं उष्णता खाल्ली. घरात कुणी नसलं तरीही. ही वायर कापली कुणी?"

बाबा खाली बघत होते. "वेटोळं लोंबकळत होतं. बरं दिसत नव्हतं."

"चादरीला सुरकुती चालत नाही ह्याला, लहानपणापासून! अरे, ही जोडी असते. आता दोन्ही सेन्सर बदलावे लागणार."

ठमी कमरेवर हात ठेवून बाबांसमोर उभी राहिली.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "तुझ्यावर उगाच आळ घेतला. यापुढे टकटक नाही."

"इमारतीतली सगळी मीटरं तूच बसवलीस ना?" आत्यानं विचारलं. "आणखी किती घरांत हा नीटनेटकेपणा केलायस?"

बाबांनी बोटं मोजली. "सहा. वेटोळी दिसत होती तेवढीच."

"खालच्या मजल्यावरच्या आजीच्या खोलीतला गरम पाण्याचा हीटर तिच्या घरच्यांनी बंद केलाय," ठमी म्हणाली. "ती चोरून वाढवते, म्हणून आकडा चढतो म्हणतात. दिवसभर शाल गुंडाळून बसते बिचारी."

बाबा चपला घालायला लागले. जिन्याशी थबकून त्यांनी मागे ठमीकडे पाहिलं. "तू येतेस? तारेचं ते मला तुझ्यासारखं सांगता यायचं नाही."

"येते. पण कापली कुणी, ते तुम्ही सांगायचं."

आजीच्या दाराची घंटा बाबांनीच वाजवली.