घेते ना

डॉक्टर मुकुंद रामटेके यांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. आठ शनिवार जाणार, त्या बदल्यात सजगतेच्या अभ्यासक्रमाचं सर्टिफिकेट मिळणार. सर्टिफिकेटवाल्यालाच ओपीडीचा प्रमुख करायचं, असं ट्रस्टच्या दवाखान्यानं ठरवलं होतं, आणि प्रमुखाला रविवारची ड्युटी नसते. आठ शनिवार देऊन नोकरीभरचे रविवार. इतक्या स्वस्तात रविवार इतवारीच्या बाजारातही मिळाले नसते.

आई, शोभाताई, मात्र हसली. ती रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे आनापानाला, म्हणजे आतबाहेर जाणारा श्वास पाहायला, बसायची आणि पोरानंही बसावं म्हणून वीस वर्षं मागं लागली होती. "घरी फुकट होतं तवा बूड टेकवलं नाही," ती म्हणाली, "आता प्रोजेक्टरवर दाखवून राहिले त बरा बसून राहिला बाबू."

अभ्यासक्रमाचा नियम सोपा होता. प्रत्येक पेशंटआधी डोळे मिटून तीन श्वास पाहायचे, आणि ओपीडीतल्या जयासिस्टरनं अभ्यासक्रमाच्या कार्डावर खूण करायची. पहिल्या श्वासात मुकुंदना गाडीवर ऊन आलं असेल का, हे आठवायचं, दुसऱ्यात डब्यातली भाजी. तिसरा बहुधा राहूनच जायचा. खूण मात्र तिन्हींची पडायची.

मंगळवारी इंदूबाई आल्या. भिवापूरच्या, मिरचीच्या गोदामात देठ खुडायला बसणाऱ्या. त्यांचा रक्तदाब चार महिने हट्टाला पेटलेला. गोळी तीनदा वाढवून झाली, तरी आकडा खाली यायला तयार नव्हता. मागच्या आठवड्यात चक्कर येऊन त्या मिरच्यांच्या ढिगावरच पडल्या, आणि पुन्हा पडलीस तर घरीच बस, असं मुकादमानं सांगून टाकलं होतं. मुकुंदच्या मनात चौथी वाढ तयारच होती. त्यांनी डोळे मिटले.

उघडून पाहतात तर इंदूबाईंचं तोंड उतरलेलं.

"साहेब, डोळे काहून मिटले? लय वाढलं काय माहं?"

तसं काही नाही, मुकुंद म्हणाले, श्वास पाहत होतो. कोणाचा, असं इंदूबाईंनी विचारलं. माझाच, म्हटल्यावर त्यांनी जयासिस्टरकडे पाहिलं. डॉक्टरलाच दम लागत असेल तर आपली काय कथा! मग मोठ्या मनानं त्या म्हणाल्या, "मंग पाहून घ्या आरामात. मले बसची घाई नाही."

पेशंटनंच परवानगी दिली, आता सुटका कुठली. मुकुंदनी पुन्हा डोळे मिटले आणि, लाजेकाजेनं का होईना, या खेपेला तिन्ही श्वास खरोखर घेतले. मग नेहमीचा प्रश्न विचारला. गोळ्या घेता ना?

"घेते ना. दर महिन्याले घेते."

एरवी 'घेते ना' एवढ्यावर पेन चालू लागायचं आणि पुढचे शब्द हवेत विरायचे. आज ते कानात शिरले. गोळी तर रोजची होती.

"घेता म्हणजे?"

"म्हंजे मेडिकलातून." इंदूबाईंनी पिशवीतून पुरावाच काढून टेबलावर ठेवला. रबरबँड लावलेली पाकिटं, बहुतेक न फोडलेली.

"अन् खाता कधी?"

"आयतवारी."

कारण त्यांनी डॉक्टरांना नाही, जयासिस्टरला सांगितलं, आवाज खाली आणून. त्या गोळीनं घडीघडी लघवीला जावं लागतं. गोदामात बाईमाणसाला जागा नाही. रस्ता ओलांडून तुरीच्या वावरात जायचं, तर मुकादम बोलतो. आयतवारी सुट्टी, म्हणून गोळी आयतवारी. यात लपवाछपवी कसलीच नव्हती. घेता का, असं विचारलं होतं आणि बाई इमानानं घेत होत्या.

मुकुंदनी चौथी वाढ खोडली. लघवीला न लावणारी दुसरी गोळी लिहिली, कमी ताकदीची, आणि 'घ्या' हा शब्द जपून टाळत "रोज सकाळी खा" म्हणाले. महिन्याभरात आकडा शहाण्यासारखा खाली आला. इंदूबाई गोदामात आहेत, आणि चक्कर नाही.

आता कोणी काय किंमत भरली, ते पाहू. आठ शनिवार सोडले तर डॉक्टरांचं काही गेलं नाही. इंदूबाईंनी एका शब्दापायी चार महिने भरले. त्या मंगळवारची जास्तीची अकरा मिनिटं मात्र भरली ती बाहेर ताटकळलेल्या चौदा जणांनी, डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत, कशासाठी भरतो आहोत ते न कळता.