तीन वर्तुळांच्या मधली जागा

आमच्या आत्याला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की ती सांगते, "बडबड." खरं म्हणजे ती रेडिओ स्टेशन चालवते. दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, एक माईक आणि गच्चीवर आवाज गावभर पोचवणारा उंच लोखंडी खांब. त्या खांबाला ती 'थोरले भाऊजी' म्हणते. का, तर तो नुसता उभा असतो, कुठल्या कामाला हात लावत नाही, पण तो नसला तर घरातलं पानही हलत नाही.

शाळा सुटली की मुलांचा कार्यक्रम मी करते. एकटी! गेल्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच बसायचा. आता आई आत्याला म्हणते, "बोलायला शिकवलंत हो वन्सं, आता हिला गप्प करायला कुणाकडे पाठवू?"

सगळं छान चाललं होतं आणि आमची इमारत विकली गेली. नवा मालक काही वाईट माणूस नाही. त्याला वर मजले चढवायचे होते, एवढंच. तो म्हणाला, "खोल्या राहू देत तुमच्याकडे, पण गच्ची मोकळी करून द्या." आम्हाला वाटलं, त्यात काय मोठंसं! भाऊजींना दुसऱ्या गच्चीवर उभं करू.

परवाना कार्यालयात मी आत्याबरोबर गेले. तिथे दोन स्टेशनांमधली अंतरं तपासणारे एक साहेब होते. आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणायला लागलो. बारीक आवाज, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. मोठी माणसं चष्मा काढतात तेव्हा पुढे काही चांगलं ऐकायला मिळत नाही.

"मॅडम, तुम्ही आहात तिथे आहात तोवर कुणी तुमच्या केसालाही धक्का लावू शकत नाही," ते म्हणाले. "पण खांब हलवलात की मोजणी नव्याने. नवीन स्टेशनला इतरांपासून जेवढं अंतर ठेवावं लागतं, तेवढं तुम्हालाही ठेवावं लागणार."

"अहो, मी कसली नवीन? ही बाकीची स्टेशनं रांगत होती तेव्हापासून मी बोलतेय!"

"खरं आहे. पण तुम्ही जागा सोडलीत की सगळ्यात धाकट्या तुम्ही."

"ऐकलंस?" आत्या माझ्याकडे वळून म्हणाली. "या वयात मी धाकटी झाले. आजपासून मला 'ए' म्हण."

साहेब हसले, पण चष्मा काही त्यांनी परत घातला नाही. नियम त्यांनी समजावून सांगितला आणि तो सोपाच होता. रेडिओवर आपण ज्या नंबरावर लागतो, त्याच नंबरावर दुसरं स्टेशन बोलत असेल तर त्याच्यापासून बरंच लांब राहायचं. शेजारच्या नंबरावर असेल तर त्याहून कमी. अंतर मोजायचं ते खांबापासून खांबापर्यंत, सरळ रेषेत. आमच्या आसपास अशी तीन स्टेशनं होती: गाणीवाले, बातम्यावाले आणि कॉलेजवाले. शिवाय आमचा परवाना आमच्याच गावापुरता, त्यामुळे हद्दीबाहेर जायचं नाही. हद्दीत जागा मिळाली नाही तर परवाना रद्द.

"एवढंच ना? मग शोधू की!" मी म्हणाले. तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

रविवारी स्टेशनच्या फरशीवर आम्ही नकाशे पसरले. फोनच्या बोटभर पडद्यावर आत्याला काही दिसत नाही, आणि तिला सगळं एका नजरेत बघायचं होतं. चार मोठे कागद शेजारी शेजारी लावून तिने चिकटपट्टीने जोडले. माझा कंपास पुरेना, म्हणून आम्ही सुतळी घेतली. एका टोकाला आत्या अंगठा दाबून बसली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून मी गुडघ्यांवर गोल गोल फिरले. गाणीवाल्यांचं वर्तुळ एवढं मोठं की ते काढताना मला टेबलाखालून सरपटत जावं लागलं.

"गाणी फुकटची लावतात आणि जागा केवढी खातात बघ," आत्या म्हणाली.

तिसरं वर्तुळ पुरं झालं तेव्हा आमच्या गावाचा जवळजवळ सगळा भाग कुणा ना कुणाच्या वर्तुळात गेला होता. जवळजवळ! कारण तिन्ही रेघांच्या मधोमध एक चिमुकला त्रिकोण कोरा उरला होता. नखाएवढा. मी त्यावर नाक टेकवून वाचलं आणि ओरडले, "आत्या, जनावरांचा दवाखाना!"

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंशी मीच बोलले. आत्या नुसती मागे उभी होती. एका मांजराला पट्टी बांधता बांधता बाईंनी माझं सगळं ऐकलं.

"खांबाला भाडं किती द्याल?" त्यांनी विचारलं.

"भाडं नाही. पण कुठल्या मोसमात कुत्र्याला काय होतं, ते तुम्ही आमच्याकडे येऊन सांगायचं. सगळं गाव ऐकेल."

"आणि माझे पेशंट मध्येच भुंकले तर?"

"त्यांनाही पाच मिनिटं देऊ!"

बाई एवढ्या हसल्या की मांजर टेबलावरून निसटलं. "लावा तुमचा खांब," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "कार्टे, तू तर मलाही विकून येशील." घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मोजणीसाहेब मंगळवारी आले. त्यांच्या हातात एक यंत्र होतं. आपण उभे आहोत त्या जागेपासून तिन्ही खांबांचं अंतर ते आकड्यात दाखवायचं. तिन्ही आकडे हिरवे झाले की जागा पास. दवाखान्याच्या गच्चीवर दोन आकडे हिरवे आले. कॉलेजवाल्यांचा लाल.

"थोडं कमी पडतंय," साहेब म्हणाले आणि गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. लालच.

"किती कमी?" मी विचारलं.

"तीनेकशे मीटर."

"मग मागच्या माळावर चला ना! तिकडे कॉलेज लांब पडेल."

ते त्यांचं काम नव्हतं. पण ते आले. कुंपणाची तार त्यांनी आत्यासाठी वर उचलून धरली, आणि आम्ही चौघं, डॉक्टरीणबाईसुद्धा, गवतातून चालायला लागलो. कॉलेजचा आकडा वाढत होता. मी यंत्रात डोकं खुपसून चालत होते. लाल, लाल, लाल, हिरवा!

"झाला!" मी उडी मारली.

"गाणीवाले गेले," साहेब म्हणाले.

गाणीवाल्यांचा आकडा लाल झाला होता. आम्ही डावीकडे सरकलो. गाणी हिरवी झाली, बातम्या लाल. मागे आलो. बातम्या हिरव्या, कॉलेज पुन्हा लाल. एक सुटलं की दुसरं अडत होतं. त्या मोकळ्या माळावर चार माणसं एका यंत्राभोवती गोल गोल फिरत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, यांचं काहीतरी पडलंय आणि ते सापडत नाहीये. साहेबांच्या बुटांना चिखल लागला. "इकडे बघू या," असं ते स्वतःहून म्हणायचे. मला कळत होतं, त्यांनाही ती जागा सापडायला हवी होती.

शेवटी ते थांबले. "मॅडम, अशी जागा नाहीये."

"असं कसं?" मी पिशवीतून नकाशा काढला आणि गवतावर उलगडला. "ही बघा! तीन वर्तुळं, मधे त्रिकोण!"

ते खाली बसले. वर्तुळांकडे त्यांनी बघितलंच नाही. कागद जिथे जोडले होते तिथे त्यांनी बोट फिरवलं. चिकटपट्टीखाली एका कागदाची पांढरी कड कापायची राहून गेली होती. अगदी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी धावणारी.

"ही कड नकाशाचा भाग नाही," ते हळूच म्हणाले. "तिच्यामुळे सगळं थोडं थोडं लांब गेलं. तुमचा त्रिकोण गावात नाही, बेटा. तो या फटीत आहे."

आत्या खाली वाकून बघत राहिली. ती काहीतरी विनोद करेल म्हणून मी वाट पाहिली. तिने नकाशाची घडी घातली.

मग मी बोलायला लागले. भराभर, नेहमीसारखं. "आम्ही आवाज कमी ठेवू. खांब बुटका करू. तिघांकडून लिहून आणते, आमची हरकत नाही म्हणून. मी जाते त्यांच्याकडे. मी बोलते त्यांच्याशी!"

"ते देतीलही लिहून," साहेब म्हणाले. "पण अंतर त्यांचं नाही ना. ते देऊन कसं टाकणार?"

"मग ते कुणाचं आहे? कुणाशी बोलू मी?"

त्यांनी यंत्र बंद केलं. मला एकदम गेल्या वर्षीसारखं झालं. शब्द सगळे होते, पण ते घेणारं समोर कुणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत राहिल्या, "माझी गच्ची आहेच हं, कधीही." त्या गच्चीचं आता आम्ही काय करणार होतो?

"चल," आत्या म्हणाली. "तुझ्या कार्यक्रमाची वेळ झाली."

"आज? आत्या, आज मी काय बोलू?"

"रोज काय बोलतेस? आपण अजून आहोत ना तिथे. मग बोलायचं."

मी धावतच पोचले आणि धापा टाकत माईकसमोर बसले. एक कोडं घातलं, एका मुलीने पाठवलेली कविता वाचली. मग फोन घेतले. दुसरा फोन गोदामावर पहारा करणाऱ्या एका आजोबांचा होता. मुलांचा कार्यक्रम असला तरी ते ऐकायचे आणि कोड्याचं उत्तर नेहमी चुकीचं सांगायचे.

"पोरी, आज कोडं राहू दे," ते म्हणाले. "दवाखान्यातल्या पोराने सांगितलं, तुमचा खांब हलणार म्हणून. मला एवढंच सांग, नव्या जागेवरून इथवर ऐकू येईल ना? इथे दुसरं काही लागत नाही, नुसती खरखर येते."

काचेपलीकडे आत्या उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. कधीही अडखळले की ती हाताने खूण करते: पुढे चल, थांब, गाणं लाव. आज तिचे दोन्ही हात खाली होते.

"आजोबा, खांब हलत नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे आहे तिथेच?"

त्या क्षणी ते खरं होतं. खांब डोक्यावर गच्चीत होता, माझा आवाज त्याच्यातूनच जात होता.

"हो. आहे तिथेच."

"हात तिच्या!" आजोबा एवढ्या आनंदाने ओरडले की फोन करकरला. "मग उगाच काळजी करत बसलो. चल, घाल कोडं. आज बरोबर सांगतो की नाही बघ."

मी कोडं घातलं.