महाराजांची रजा

महाराजांनी घर सोडलं ते भावांच्या भांडणाला कंटाळून. तेव्हा ते महाराज नव्हते, फर्निचरच्या दुकानातले धाकटे भाऊ होते. थोरल्याला दुकानाचा दर्शनी भाग हवा होता, मधल्यालाही नेमका तोच हवा होता, आणि दोघांच्या बायका एकमेकींशी फक्त भांड्यांच्या आदळआपटीतून बोलत. एके दिवशी यांनी अर्धवट पॉलिश केलेली खुर्ची तशीच टाकली आणि एका म्हाताऱ्या संन्याशाकडून भगवी वस्त्रं घेतली. त्याने उपदेश केला तो एवढाच, "कुठेतरी गप्प बस."

बसायला जागा मिळाली बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत. छापखानेवाला रोज संध्याकाळी येऊन समोर बसायचा. त्याला मोक्षबिक्ष काही नको होता. घरी सासरेबुवा मुक्कामाला होते. हा रोज जातो तरी कुठे म्हणून मेहुणा मागावर आला आणि तोही बसला. बसल्या बसल्या त्याला छान झोप लागली. ती त्याने समाधी म्हणून चार ठिकाणी सांगितली आणि तिथून मठाची भरभराट सुरू झाली.

माणसं वाढली तशा चपला वाढल्या. चपलांना मांडणी आली, मांडणीला पत्र्याची शेड, शेडला राखणदार, राखणदाराला खोली, आणि ती खोली कुणाच्या नावावर करायची म्हणून विश्वस्त मंडळ. मंडळाचे सेक्रेटरी पूर्वी सिमेंट विकायचे. त्यामुळे मठात कुणाला मनःशांती हवीशी वाटली की कुठेतरी नवा स्लॅब पडायचा. ध्यानाचं सभागृह झालं, त्याच्यावर अतिथीगृह झालं, दाराशी पुस्तकांचा स्टॉल लागला. मौन शिबिराच्या सूचना लाउडस्पीकरवरून सुटू लागल्या.

महाराज काही बोलले नाहीत. एक तर गुरूंची आज्ञाच तशी होती. शिवाय मऊ गादी आणि वेळेवर आयतं ताट, यांच्याविरुद्ध बोलण्यासारखं त्यांना काही सुचतही नव्हतं.

पण एका सकाळी दोन विश्वस्त तावातावाने त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. सभागृहाचा दर्शनी भाग स्टॉलला द्यायचा की देणगी कक्षाला, यावरून त्यांची जुंपली होती. दोघांच्या बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. महाराज ऐकत राहिले आणि त्यांच्या नाकात लाकडाच्या पॉलिशचा वास भरला. त्यांनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं.

"थोडे दिवस जाऊन येईन म्हणतो."

"कुठे?"

"बहिणीकडे."

सेक्रेटरी चपापले. "महाराज, आपण संसार सोडलात. आपल्याला बहीण कशी असेल?"

"ती माझ्याआधीपासून आहे."

"ते ठीक आहे हो. पण आपण हे आसन सोडून कुठेच जात नाही, असं नव्या माहितीपत्रकात दिलंय. छापूनही आलंय."

दुसऱ्या दिवशी जेवून सगळे आडवे झाल्यावर महाराजांनी माळ्याचा शर्ट-पायजमा मागून घेतला, अंगात चढवला आणि मागच्या फाटकाने निघाले. रिक्षाचं भाडं ताईने खाली येऊन दिलं.

ताई निवृत्त नर्स. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटीच राहायची. तिने भावाला नखशिखांत पाहिलं. "सुटलायस की रे गुंड्या. ये. आणि नुसता बसू नकोस, हे मटार सोल."

महाराज मटार सोलायला बसले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. शेंगा एकीकडे आणि दाणे दुसरीकडे पडायला हवेत, यावरून त्यांनी दोनदा बोलणी खाल्ली आणि दोन्ही वेळा त्यांना अगदी बरं वाटलं. त्या दुपारी ते लहान मुलासारखे गाढ झोपले.

हे सुख टिकलं नाही. माळ्याने तोंड उघडलं आणि सकाळी जिना भक्तांनी भरून गेला. शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली तशी ताई हातात लाटणं घेऊन दार उघडून उभी राहिली. तोच एका बाईने तिचे पाय धरले.

"आपण महाराजांच्या थोरल्या भगिनी. लहानपणी कसे होते हो ते?"

"हट्टी," ताई म्हणाली. "आणि पाण्याला भ्यायचा. आंघोळीला ओढत न्यावं लागायचं."

जिन्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. मागे उभ्या एका गृहस्थांनी डोळे टिपले. "पाणी म्हणजे भवसागर," ते शेजारच्याला हळूच म्हणाले.

ताईने उभा जन्म वॉर्डात ओरडण्यात घालवला होता. कुणी मनावर घेतलं नव्हतं. आज पन्नासएक माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि आतून स्टूल ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी तिने पांढऱ्या साडीला इस्त्री केली.

मग सेक्रेटरी आले. ताई त्यांना धक्के मारून हाकलून देईल या आशेवर महाराज स्वयंपाकघरात दडून बसले होते. बाहेरून कपबशांचा आवाज आला, मग भिंतीवर टकटक झाली.

"भिंत मजबूत आहे," सेक्रेटरी म्हणाले. "वरची गच्ची कुणाची?"

शाखा उभी राहायला फार दिवस लागले नाहीत. महाराज मात्र त्याआधीच मठात परतले. ताईनेच सांगितलं, "तुझी खाट घालते त्या खोलीत आता सत्संग असतो रे. तू आपला तिकडेच बरा."

ताईच्या आता माताजी झाल्या. त्या समोर बसलेल्यांना सडकून झापतात, आणि ते ऐकायला लोक लांबून गाड्या करून येतात. मठातली वर्दळ त्यामुळे पार ओसरली. स्टॉलवरची बाई विणकाम करते, विश्वस्तांना भांडायला कारण उरलेलं नाही.

महाराजांना हवा होता तसा निवांतपणा आता अख्खा दिवस मिळतो. पहिला आठवडा बरा गेला. मग ते घटकेघटकेला उठून दार किलकिलं करून कुणी आलंय का ते बघू लागले.

एकदा न राहवून त्यांनी ताईला फोन लावला. "गर्दी असते का गं?"

"श्वास घ्यायला फुरसत नाही. तुझ्याकडे?"

महाराजांनी रिकाम्या सभागृहावरून नजर फिरवली.

"आहे की," ते म्हणाले. "आवरत नाहीये."