लाल चिमटा जागचा हलला नाही

ओल्या चादरींचा ढीग समोर पडलेला आणि आमची नात वाळवणाच्या दोरीला हिसडे देत उभी! कामाच्या नावाने शंख. ही लॉन्ड्री मी काय हिने दोरीचे खेळ करावेत म्हणून उभी केली? उद्या तिची भौतिकशास्त्राची फेरपरीक्षा. या वेळीही आपटली तर कॉलेज बंद आणि इस्त्री हातात, हे मीच बजावलेलं.

"अगं बये, हिसडू नकोस! चिमटे सगळे पलीकडच्या खांबाशी गोळा होतील." हेच मी आयुष्यभर सुनांवर ओरडत आले.

"आजी, या लाल चिमट्याकडे बघ." तिने दोरीला झटका दिला. एक उंचवटा सरसर धावत पलीकडे गेला. चिमटा वर उडाला, खाली आला, आणि जागच्या जागी!

मी चष्मा पुसला. "पुन्हा कर."

पुन्हा तेच. "अगं, दोरी इथे, चिमटा इथे, मग धावत गेलं ते कोण?" मी विचारलं.

"तीच लाट. तिच्या सूत्रात जागेच्या आकड्यातून वेळेचा आकडा वजा करतात, आणि येईल त्या उत्तरावर दोरीची उंची ठरते. वजा म्हणजे लाट मागे येणार, असं मी लिहिलं आणि नापास झाले. सर म्हणतात, पुढे जाते. का, ते डोक्यात शिरतच नाही गं." पोर रडकुंडीला आली.

"वजा करून पुढे? तुझ्या सरांचं डोकं ठिकाणावर आहे ना? पळ त्या उंचवट्याबरोबर आणि विचार त्यालाच!"

मी झटका दिला. ती खरंच दोरीखालून पळाली, आणि टोकाशी खिळल्यासारखी थांबली.

"आजी! उंचवट्याबरोबर राहायचं तर वजाबाकीचं उत्तर तेच राहायला हवं. वेळ तर वाढतच जाते. मग जागेचा आकडाही वाढायलाच हवा. म्हणून पुढे!"

मी बोटांवर मोजलं. पाचातून दोन गेले, तीन. सहातून तीन गेले, तीन. सातातून चार, तरी तीनच! वजाबाकी म्हणजे घट, एवढंच मला जन्मभर ठाऊक. आणि इथे वजाबाकीच धावत सुटली होती.

"ऐक," मी म्हणाले, "उद्या पास हो नाहीतर नापास, इस्त्रीला हात लावलास तर तंगडं मोडीन. तू कॉलेजातच जायचंस. पण आधी या चादरी वाळत घाल, भवाने!"