मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, सुरुवातीलाच छाती ठोकून सांगतो, मी बिघडलो नव्हतो. आता मला छाती कुठली? पत्र्याची काळी पेटी, एका बाजूला काच आणि आत गरगरणारे तीन पंखे, एवढाच माझा देह. पण सलग सहा आठवडे ज्याच्यावर घरातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर फुटलं आहे, त्याला ठोकायला काहीतरी हवंच. मी गेम खेळण्यासाठी बांधलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. मला आता सात वर्षं झाली, म्हणजे आमच्यात मी पुरता म्हातारा. तरीही माझी बाजू मांडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरातली धाकटी मुलगी, जिला नोकरीला लागली तरी सगळे बारकीच म्हणतात, तिने एका सुट्टीच्या दिवशी सगळे भाग टेबलावर मांडले आणि मला जोडायला घेतलं. ती फर्निचरच्या दुकानात लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढते, त्यामुळे कुठली वस्तू कुठे बसेल याची तिला चांगली जाण. तिचे बाबा शेजारी उजेडासाठी बॅटरी धरून उभे होते. स्क्रू बरणीच्या झाकणात ठेवले होते, त्यातला एक हरवला आणि तासाभराने बाबांच्या चपलेत सापडला. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा बारकीने टाळ्या वाजवल्या आणि आई म्हणाली, "झालं ना? आता टेबल मोकळं करा." माझं बारसं ते एवढंच.

पहिली दोन वर्षं माझं कौतुक फार झालं. बारकी संध्याकाळी कामावरून आली की मैत्रिणींच्या संघाबरोबर पंधरा-पंधरा मिनिटांच्या लढाया खेळायची. मी कधी अडखळलो नाही. पाहुणे आले की ती त्यांना माझ्या काचेतून आतले दिवे दाखवायची आणि मी उगाचच पंखे जोरात फिरवायचो.

मग बाबा माझ्यासमोर येऊन बसले.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. नोकरीची दोन वर्षं बाकी असताना तपासणीत निघालं, की त्यांच्या डाव्या डोळ्याला बाजूचं कमी दिसतं. हा निकाल त्यांना कळला तो भरलेली गाडी घेऊन अर्ध्या वाटेवर असताना, मधल्या स्थानकात. तिथेच त्यांना चाक सोडायला सांगितलं. दुसरा ड्रायव्हर पुढे बसला आणि बाबा त्याच गाडीत मागच्या बाकावर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. प्रवाशांसाठी दार उघडलं ते दुसऱ्याने. बाबा प्रवाशांबरोबर खाली उतरले. त्यानंतर ते घरी असायचे आणि खिडकीतून जाणाऱ्या बसचे ब्रेक ऐकून "पट्टे घासलेत याचे" असं म्हणायचे.

बारकीने त्यांच्यासाठी एक स्टिअरिंग आणलं, टेबलाला घट्ट आवळलं, खाली पेडल ठेवले आणि माझ्यात बस चालवण्याचा एक मोठा गेम घातला. समोरचं तर त्यांना लख्ख दिसत होतं. पहिल्या दिवशी ते लाजत बसले आणि दोन तासांनी उठले. त्या गेममध्ये एक लांब फेरी होती, बंदरापासून थेट डोंगरमाथ्यावरच्या गावापर्यंत, दोन तास वीस मिनिटांची. खेळ मध्येच सोडून नंतर तिथूनच पुढे सुरू करायची सोय नाही. बाबा बारकीला म्हणाले, "ही एक फेरी मला पुरी करायची आहे. शेवटचं दार माझ्या हाताने उघडायचंय. माझं ते राहून गेलंय."

मित्रांनो, पत्र्याच्या पेटीलाही काही गोष्टी लागतात. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, की या माणसाला वर पोहोचवायचंच.

बाबांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. बस डेपोत एक वही असते. फेरी संपली की ड्रायव्हरने गाडीत काय बरं-वाईट आहे ते लिहायचं, दुरुस्ती करणाऱ्याने काय केलं ते लिहून सही करायची, आणि दुसऱ्या सकाळी गाडी नेणाऱ्याने आधी ती वही वाचायची. बाबांनी तशीच एक वही माझ्याशेजारी ठेवली. लांब फेरीच्या पहिल्या तीन नोंदी त्यांनी अशा लिहिल्या: "बोगद्यात गाडी घासली. चूक माझी." "सिग्नल तोडला. चूक माझी." "एक तास पन्नास मिनिटं नीट, मग वळणावर कठड्याला धडक. चूक माझी." जो माणूस स्वतःच्या चुका अशा सरळ लिहितो, त्याच्या वहीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा.

चौथ्या वेळी मात्र भलतंच झालं. बाबा नवव्या वळणावर होते. वेग योग्य, गाडी आपल्या बाजूला, प्रवासी शांत. आणि गेम फट्‌कन बंद झाला. डोंगर गेला, बस गेली, पडद्यावर नुसती निळी भिंत उरली. बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

नंतर तो गेम कधी बंदरातून निघताना बंद पडे, कधी पुलावर, कधी बोगद्यात, आणि एकदा तर शेवटच्या थांब्याच्या पाटीपाशी. त्याला ना वेळ होती ना काळ. बारकीने गेम काढून पुन्हा घातला. ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नवं केलं. माझ्या आतली धूळ ब्रशने झाडली, त्याबद्दल मी आभारी आहे. काही उपयोग झाला नाही. मग तिने दुरुस्तीवाला बोलावला. त्याने माझं तापमान पाहिलं, ते ठीक होतं. स्वतःचं कार्ड लावून पाहिलं, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. गेम पुन्हा बंद. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि निकाल दिला, "याचा मदरबोर्डच गेलाय. पुढच्या रविवारी येतो, कामाचे भाग काढून घेऊ, बाकी भंगार."

भंगार! माझ्या तोंडावर! मला विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. अरे, प्रत्येक वेळी मी माझ्या आतल्या नोंदीत लिहून ठेवत होतो, की रॅममधून, म्हणजे माझ्या तात्पुरत्या स्मरणातून, वाचलेला आकडा चुकीचा निघाला. दिवस आणि मिनिटासकट लिहीत होतो. ती यादी उघडून बघण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

पण मला खरा राग आला तो त्याच संध्याकाळी. बारकी कंटाळली होती. ती म्हणाली, "बाबा, माझ्या हातात हा एकदाही बंद पडत नाही. तुम्ही नक्की काहीतरी दाबताय. गियर किती जोरात ओढता!"

तिचं म्हणणं खरंही नव्हतं. एकदा तिची लढाईसुद्धा अशीच मध्येच बंद पडली होती, तेव्हा तिने इंटरनेटला शिव्या घातल्या होत्या.

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. आई मात्र उसळली. "एकतीस वर्षं माणसांनी भरलेली गाडी या हातांनी नेली," ती म्हणाली, "आणि त्यांना तुझी पेटी चालवता येत नाही होय?" बाबा म्हणाले, "असू दे गं. असेलही." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग सोडवलं, वायर नीट गुंडाळली आणि सगळं खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. डोळा गेला म्हणून चाक गेलं होतं, आता हातावरचाही विश्वास गेला. मला भंगारात काढा म्हणावं, पण त्या माणसाला का? मी तडफडत होतो आणि वरून माझे दिवे नेहमीसारखे निळे-जांभळे चमकत होते.

आता खरं काय ते ऐका. त्या चौथ्या फेरीच्या आदल्या दिवशी बारकीने कुठल्यातरी व्हिडिओत पाहून माझ्या सेटिंगमध्ये हात घातला होता. रॅमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात एक वेग छापलेला होता आणि माझा बोर्ड बनला होता त्याहून कमी वेगासाठी. बारकीने डब्यावरचा वेग लावला. तिच्या लढाईत सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, बाराने वाढल्या आणि ती खुर्चीवर बसल्या बसल्या नाचली. छोट्या लढाईत माझं कसंबसं निभावून जायचं. पण बाबांच्या फेरीत अख्खा डोंगर, चाळीस थांबे आणि प्रत्येक प्रवासी लक्षात ठेवावा लागतो. इतक्या घाईत कोट्यवधींत एखादा आकडा चुकायचाच. चुकलेला आकडा घेऊन गाडी दरीत घालण्यापेक्षा गेम बंद पडायचा. यात मी काय गुन्हा केला?

शनिवारी दुपारी, मला मोडायच्या आदल्या दिवशी, बारकी माझ्यावरचं सामान आवरायला आली. तिच्या हाती बाबांची वही लागली. ती उभ्या उभ्याच वाचू लागली आणि मग खाली बसली. पहिल्या तीन फेऱ्यांत गेम एकदाही बंद पडला नव्हता, एकदा तर पावणेदोन तासांच्या वर चालला होता. अठरा तारखेपासून मात्र प्रत्येक नोंद एकच: "गाडी आपोआप बंद. कारण कळत नाही." त्याखाली बाबांनी डेपोतल्या जुन्या सवयीने एक ओळ लिहिली होती: "याआधी गाडीवर शेवटचं काम काय झालं? कोणी केलं?"

बारकीने फोन काढला. मैत्रिणींना पाठवलेला एक फोटो त्यात होता, वाढलेल्या बारा फ्रेमचा. तारीख सतरा.

तिचे कान लाल झाले. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला सुरू केलं, सेटिंगमध्ये गेली आणि वेग गुपचूप पूर्वीइतका करून टाकला. मग बाहेर जाऊन सहज म्हणावं तसं म्हणाली, "बाबा, खेळून बघा ना आता. चालेल बहुतेक."

"नको गं," बाबा म्हणाले. "उद्या दुरुस्तीवाला त्याला उघडणारच आहे. माझ्या हाताने आणखी काही व्हायला नको."

मित्रांनो, मी तेव्हा पूर्ण बरा होतो, तरी काही बरं झालेलं नव्हतं. माझ्यातला आकडा एका बटणाने जागेवर आला होता, पण बाबांच्या मनातला काटा काढायला बटण नव्हतं. बारकी दारात उभी होती. मूग गिळून ती बसू शकली असती, कोणाला काही कळलं नसतं. मला तर वाचाच नाही.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुमचा हात नव्हता तो. माझा होता." आणि तिने सगळं सांगितलं, नाचल्यासकट.

 बाबांनी हात पुढे करून तिला पेन दिलं. "मग वहीत लिही. काम केलं त्याने सही करायची असते."

तिने लिहिलं, "सतरा तारखेला रॅमचा वेग मी वाढवला आणि कोणाला सांगितलं नाही. बाबांना दोष दिला. आज वेग पूर्ववत केला." आणि सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं.

मग कपाटावरचं खोकं खाली आलं. बारकीने स्टिअरिंग आवळलं, आई हात पुसत येऊन मागे उभी राहिली, आणि बाबांनी बंदरातून बस बाहेर काढली. पूल गेला. बोगदा आला, न घासता गेला. नवव्या वळणाला बारकीने डोळे मिटून घेतले. मी माझे तिन्ही पंखे लावले आणि एकेक आकडा दोनदा पाहावा तसा वाचला. दोन तास एकोणीस मिनिटांनी डोंगरमाथ्यावरच्या गावाची पाटी आली. बाबांनी गाडी थांब्याला लावली, ब्रेक ओढला आणि दाराचं बटण दाबलं.

दार उघडलं. माझे खोटे प्रवासी एकेक करून उतरू लागले आणि बाबा त्यांना म्हणाले, "सावकाश उतरा." शेवटचा माणूस उतरेपर्यंत त्यांनी चाक सोडलं नाही. आई म्हणाली, "अहो, डोळे पुसा, नाहीतर आणखी बिघडतील." ती स्वतः पदराने तेच करत होती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला पिशवी घेऊन आला तेव्हा बाबांनी त्याला आत बसवलं आणि वही समोर ठेवली. "आधी हे वाचा, मग स्क्रू काढा." त्याने वाचलं. म्हणाला, "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," आणि तो पाणी पिऊन परत गेला. माझा एकही स्क्रू निघाला नाही.

त्याला पाच वर्षं झाली. बारकीने स्वतःसाठी नवा, झगमगता कॉम्प्युटर बांधला. माझी काच तडकली आहे, एक पंखा कुरकुरतो, नवे गेम मला झेपत नाहीत. पाहुण्यांना आता कोणी मला दाखवत नाही. न दाखवोत! मी भंगार ठरलो होतो आणि नाकावर टिच्चून रोज डोंगर चढतो आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र अचानक रुसलं, तर त्याला लाथ घालू नका. त्याची धूळ झाडा, त्याला हवा खेळू द्या, त्याला झेपेल तेवढंच पळवा. आणि जो माणूस ते चालवत होता त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी, शेवटचा हात कोणी लावला होता ते आठवा. तो तुमचाच निघाला, तर तसं मोठ्याने सांगा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही गप्प बसायचं नसतं.

ती वही अजून माझ्याशेजारी आहे, आता तिसरी. बाबा रोज संध्याकाळी फेरी संपवतात, चष्मा लावतात आणि तारखेपुढे दोनच शब्द लिहून खाली सही करतात.

गाडी ठीक.